सहा प्लग, एक पिशवी : पावसात मिसिंग करणाऱ्या बॉक्स्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००८ची पोर्शे बॉक्स्टर, २.७ लिटरची. मालक पुण्यातले, पन्नाशीच्या आसपासचे. दोन वर्षांपूर्वी तिसरे मालक म्हणून त्यांनी ती घेतली तेव्हा मीटरवर ५४ हजार होते, माझ्या गॅरेजात आली तेव्हा ६१. म्हणजे वर्षाला साडेतीन हजार किलोमीटर. रविवारी सकाळी ताम्हिणी किंवा लोणावळा, उरलेला आठवडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली. आधीच्या मालकांकडून आलेल्या फायलीत टायरची बिलं होती, विम्याचे कागद होते. प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग, शेवटचे कधी बदलले याचा मात्र कुठेच उल्लेख नव्हता.

ज्यांनी ही गाडी खालून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॉक्सर (आडव्या सिलिंडरांचं इंजिन) आणि रोडस्टर (उघड्या टपाची दोन सीटांची गाडी) या दोन शब्दांची सांगड घालून तिचं नाव बनलंय. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे बसतं. सहा सिलिंडर, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला, आडवे झोपवलेले. मागची डिकी उघडली की ऑइलचं आणि कूलंटचं झाकण दिसतं, इंजिन दिसत नाही. प्लग काढायचे तर गाडी लिफ्टवर घ्यायची, मागची चाकं उतरवायची आणि बाजूने हात घालायचा. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारा भाग, असते आणि ती दोन बोल्टांवर धरलेली असते. या कॉइल खाली, चाकांच्या जवळ असतात. रस्त्यावरचं पाणी उडतं ते थेट त्यांच्या दिशेने. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

तक्रार

जुलैतला एक रविवार. खंडाळ्याचा घाट, धो धो पाऊस. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी खोकल्यासारखी करायची (यालाच मिसिंग म्हणतात), पाय काढला की शहाणी. न्यूट्रलला इंजिन अगदी गोड वाजत होतं. मग डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला.

हा दिवा नुसता लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा गाडी सांगत असते की एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेने निघालंय आणि पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. कन्व्हर्टर असा भाजून निघाला की त्याच्या खर्चात बाकी सगळं काम दोनदा होईल. अशा वेळी गाडी बाजूला घ्यायची आणि टोइंगला फोन करायचा. मालकांनी हळूहळू चालवत ती घरी आणली. पावसात, हायवेवर, बायको शेजारी बसलेली असताना मीही कदाचित तेच केलं असतं. तरी चूक ती चूकच.

पहिली दुरुस्ती

घराजवळच्या एका गॅरेजात गाडी गेली. "मिसिंग आहे म्हणजे प्लग" हे आपल्याकडचं सर्वमान्य निदान, आणि दहातल्या बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं. त्यात मालकांच्या एका मित्राने सल्ला दिला: एक्स्प्रेसवेवर गाडी जोरात पळवतोस, तर एका नंबरने जास्त कोल्ड प्लग टाक.

कोल्ड आणि हॉट हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. प्लगच्या नाकाशी, म्हणजे आत पेटणाऱ्या टोकाशी, जी पांढरी चिनी माती असते ती लांब असेल तर उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. असा प्लग हॉट. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन हेडमध्ये, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनच्या भागात, उतरते. तो कोल्ड. टोकाचं तापमान साधारण ४५०-५०० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साठत जाते. ८५० अंशांच्या वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच ते तापलेलं टोक पेट्रोल पेटवून देतं. कंपनी या दोन टोकांच्या मधला नंबर ठरवून देते.

गंमत अशी की नंबर लावायची पद्धत प्रत्येक ब्रँडची वेगळी. एनजीकेत नंबर वाढला की प्लग कोल्ड होतो. डेन्सोतही तसंच, फक्त आकडे वेगळे: एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२. बॉशमध्ये सगळं उलटं, नंबर वाढला की प्लग हॉट. मालकांच्या गाडीत बॉशचे ६ नंबरचे प्लग होते. मित्राला एनजीकेचं गणित पाठ. दुकानातून आले बॉशचे ७. जोरात चालणाऱ्या गाडीला कोल्ड द्यायच्या नादात एका नंबरने जास्त हॉट प्लग बसले, आणि बिलावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं.

त्या गॅरेजने आणखी दोन गोष्टी केल्या. मला त्या जास्त खटकल्या. स्कॅनरवर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पाहिला आणि कुठेही न लिहिता पुसून टाकला. आणि सहाही जुने प्लग काढून एकाच प्लास्टिकच्या पिशवीत टाकले. पिशवी मालकांना परत दिली, तेवढा प्रामाणिकपणा होता. पण कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दोन आठवडे गाडी छान चालली. ते दोन आठवडे कोरडे होते. मग पुन्हा पाऊस आला आणि पुन्हा तेच.

आमच्याकडे आली तेव्हा

गाडी ट्रकवर घालून आणली. मालक स्वतः ती पिशवी घेऊन आले. "काका, नवीन प्लग टाकूनसुद्धा तेच. इंजिनच गेलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

कोड दोन होते. पी०३०५, म्हणजे पाचव्या सिलिंडरला मिसफायर (तेच मिसिंग), आणि पी०३००, म्हणजे अधूनमधून, एकाच सिलिंडरचं नाव घेता येणार नाही असा. पुसण्याआधी कोड वहीत लिहायचा हा आमच्याकडे नियम आहे. पोरांना तो कंटाळवाणा वाटतो.

पिशवीतले जुने प्लग टेबलावर ओतले. पाच साधारण बिस्किटाच्या रंगाचे, कडा गोल झालेले, वय झालेले. सहावा काळा, आणि त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरच्या टोकापासून पाना बसतो त्या षटकोनापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी रेघ. ही रेघ म्हणजे ठिणगी आत पडायची सोडून प्लगच्या अंगावरून बाहेर उतरल्याची खूण. ती दिसली की प्लगबरोबर त्यावर बसणारं कॉइलचं रबरही बघायचं असतं. आतल्या बाजूला तशीच जोडीदार रेघ असते, आणि नव्या प्लगवर ते रबर पुन्हा तोच मार्ग उघडून देतं. तो प्लग पाच नंबरचा असणार हे उघड होतं. पण "असणार" यावर बिल फाडता येत नाही.

जाता जाता एक. षटकोनाच्या वरच्या कडेला चिनी मातीवर तपकिरी कडं दिसलं की पुष्कळ मेकॅनिक म्हणतात गॅस लीक आहे, प्लग बाद. ते कडं म्हणजे उच्च दाबाच्या विजेने ओढून धरलेले ऑइलचे कण. त्याने काही बिघडत नाही.

आता दुसरं कोडं: कॉइलचा दोष असेल तर नवीन प्लगवर गाडी दोन आठवडे बरी कशी चालली? एक तर पाऊस नव्हता. दुसरं, प्लग जुना झाला की कडा झिजतात, गॅप, म्हणजे ठिणगीने ओलांडायची फट, वाढते आणि उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. नवीन प्लगची धार ताजी असते, कमी व्होल्टेजवर भागतं. अर्धमेली कॉइलसुद्धा तेवढं ओढून नेते. म्हणजे नव्या प्लगांनी रोग झाकला होता.

घाटातच का, न्यूट्रलला का नाही, याचं उत्तरही इथेच आहे. लोड आला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि त्या दाबातून ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. वीज सोपी वाट शोधते. कॉइलला तडा असेल, त्यात पाणी असेल, तर सोपी वाट बाहेरच्या धातूकडे जाते.

पर्याय

मालकांना घाई होती, शनिवारी त्यांचं एक गेट-टुगेदर होतं. त्यांचं म्हणणं, सरळ सहाही कॉइल आणि पुन्हा सहा प्लग टाका, विषय संपवा. पैशाला ते तयार होते. आमचा धंदाही चांगला झाला असता. पण मिसफायर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमुळे होऊ शकतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेल्यामुळे होऊ शकतो, वायरच्या सॉकेटमधल्या गंजामुळेही होऊ शकतो. एकदा अंदाजाने पैसे गेलेच होते. दुसऱ्यांदा अंदाजच विकायचा असेल तर माझ्यात आणि पहिल्या गॅरेजात फरक काय?

दुसरा पर्याय अदलाबदलीचा. चार, पाच, सहा हे एकाच बाजूचे सिलिंडर. पाचची कॉइल चारवर टाकायची, चारची पाचवर, आणि मिसफायर कोणाबरोबर जातो ते बघायचं. खर्च फक्त वेळेचा. तिसरा पर्याय म्हणजे फक्त पाचची कॉइल बदलून गाडी देणे. साध्या हॅचबॅकला मी बहुतेक तेच करतो.

आम्ही अदलाबदल केली. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून, दिवे मालवून, फुलझाडांना पाणी मारतात ती फवाऱ्याची बाटली घेतली आणि चालू इंजिनवर कॉइलच्या बाजूने बारीक तुषार सोडला. हात लांब ठेवून, कारण तिथे वीस-तीस हजार व्होल्ट खेळत असतात. चार नंबरवर बसवलेल्या कॉइलच्या अंगावर निळी कोळ्याच्या पायासारखी ठिणगी नाचताना दिसली. आमचा पोरगा ओरडला, "शेठ, ते बघा!" स्कॅनरवर पी०३०४ आला. मिसफायर कॉइलबरोबर गेला. इंजेक्टर, कॉम्प्रेशन, सॉकेट, सगळे सुटले.

मग उरलेल्या पाच कॉइल बॅटरीच्या उजेडात फिरवून पाहिल्या. तिघींच्या काळ्या आवरणावर केसासारखे तडे. इतकी वर्षं तापून गार होऊन प्लास्टिक असं उकलतंच. गाडीचा ब्रँड कोणताही असो. इथे मी मालकांना सहाही बदलायला सांगितलं, आणि आता ते सांगताना माझ्याकडे दाखवायला काहीतरी होतं. लिफ्ट, चाकं, मजुरी तीच. एकेक कॉइल दर पावसाळ्यात एकेका घाटात गेली असती.

दोन नंबरचा प्लग

आता माझी चूक. कॉइल ठरल्या, तशी प्लग बघायची घाई झाली. या वेळी अंड्यांचा रिकामा ट्रे घेतला, त्यावर मार्करने १ ते ६ लिहिलं आणि एकेक प्लग काढून आपापल्या खळग्यात ठेवायला सुरुवात केली. इंजिन कोमट होतं, कारण तासाभरापूर्वीच आम्ही ते चाचणीसाठी चालवलं होतं. ॲल्युमिनियमचं हेड आणि त्यात स्टीलच्या आट्यांचा प्लग: हेड गार असतानाच उघडायचं, हे मी स्वतः नवीन पोरांना शिकवतो.

चार, पाच, सहा सुटले. एक नंबरही सुटला. दोन नंबर पाव फेरा फिरला आणि करकरला. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याच्या पोटात गोळा येतो. हात थांबवला. तो जोर लावून काढला असता तर हेडमधले आटे प्लगबरोबर बाहेर आले असते.

तिथेच थांबून आम्ही आट्यांच्या तोंडाशी गंज सोडवायचं तेल सोडलं आणि गाडी रात्रभर लिफ्टवर ठेवली. सकाळी गार इंजिनवर तो प्लग आधी किंचित आवळला, मग अर्धा फेरा सैल, पुन्हा थोडा आवळला, पुन्हा सैल. वीस मिनिटं लागली. बाहेर आला तेव्हा आट्यांवर ॲल्युमिनियमचा बारीक चुरा होता आणि भरपूर कॉपर ग्रीस.

पहिल्या गॅरेजने चांगल्या हेतूनेच ग्रीस लावलं असणार. पण या प्लगांच्या आट्यांना कारखान्यातच मुलामा दिलेला असतो. वरून ग्रीस लावलं की आटे घसरट होतात, आणि हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्याला कळतही नाही की आपण ठरल्यापेक्षा किती जास्त ताणलंय. या इंजिनाला प्लगचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, ३० न्यूटन मीटर. ग्रीस नाही, टॉर्क पाना, बस.

दोन नंबरच्या भोकात आटे साफ करायचा टॅप ग्रीसने माखून हाताने फिरवला, म्हणजे चुरा आत पडण्याऐवजी त्याला चिकटून येतो. बोरस्कोपने, म्हणजे नळीवरच्या बारीक कॅमेऱ्याने, आत पाहिलं. बाहेरचा एक आटा दबलाय, बाकीचे शाबूत. इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची धातूची कडी, बसवावा की नाही यावर आम्ही चहा संपेपर्यंत वाद घातला. मी नाही म्हणालो. जुना, बाद प्लग हाताने पूर्ण आत गेला, पाना लावल्यावर टॉर्क धरला. शाबूत आटे कापून इन्सर्ट घालणं तेव्हा उतावीळपणा झाला असता.

ट्रेमधली बाकी कहाणी थोडक्यात. पाच नंबर काळा, पेट्रोलच्या वासाचा, तीन आठवड्यांत अंगावर नवी रेघ. तीन नंबरच्या प्लगला बाहेरून ऑइल, आतलं टोक कोरडं. बाहेरचं ऑइल म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या असं नव्हे, प्लगच्या नळीची ओ-रिंग (रबरी कडी) गळतेय. ती बदलली. बाकी प्लगांची नाकं जरा जास्तच पांढरी, हॉट नंबरला शोभेल अशी. पिशवीतून हे काहीच वाचता आलं नसतं.

प्लग कोणते घ्यायचे

तीन आठवड्यांचे प्लग पुन्हा बदलायचे हे मालकांच्या जिवावर आलं. पण चुकीच्या नंबरचे, त्यातला एक चट्टा पडलेला आणि एकाचे आटे खरवडलेले, अशी वरात परत बसवणार कोण?

त्यांची इच्छा इरिडियमची होती. इरिडियम वाईट नाही. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४०० च्याही वर, म्हणून टोक सुईसारखं बारीक करता येतं. बारीक टोकाला ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते आणि टोक लवकर झिजतही नाही. पण त्याचा खरा फायदा लांब आयुष्याचा. वर्षाला साडेतीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत त्या आयुष्याचं करायचं काय? या गाडीत प्लग किलोमीटरने नाही, वर्षांनी म्हातारे होतात. उभं राहणं, छोट्या फेऱ्या, काजळी, आट्यांना धरणारा गंज. तिला स्वस्त प्लग लवकर लवकर बदललेला जास्त मानवतो. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला मूळचा चार इलेक्ट्रोडचा प्लग, मूळच्याच नंबरचा. चार इलेक्ट्रोड म्हणजे एकाच वेळी चार ठिणग्या असा समज आहे. ठिणगी एकच पडते, त्या त्या वेळी सोपी वाटेल त्या इलेक्ट्रोडवर. या प्लगची गॅप पक्कडीने वाकवून बसवायची नसते, ती कारखान्यातूनच ठरून येते.

आलेल्या सहातले दोन दुकानात परत केले. एकाचं मधलं इलेक्ट्रोड नुसत्या डोळ्यांना तिरकं दिसत होतं. दुसरा मल्टिमीटरवर ओपन. रेझिस्टरवाल्या प्लगमध्ये टोकापासून टोकापर्यंत काही किलो-ओहम दिसायला हवेत आणि सहांचे आकडे एकमेकांच्या जवळपास. खोटे प्लग बाजारात खूप आहेत. डबा बघून ते ओळखता येत नाहीत, मीटरवर बरेच पकडले जातात.

बसवताना पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून आत ढकलला आणि बोटांनी फिरवला. आडव्या इंजिनात प्लगचं टोक वजनाने खाली झुकतं आणि आटा वाकडा लागायची भीती असते. वाकडा लागला तर नळी हातात घसरते, हेडचं नुकसान होत नाही. पाना नंतर.

निकाल

गाडी शनिवारी नाही, सोमवारी दिली. गेट-टुगेदरला मालक रिक्षाने गेले. ऑगस्टच्या अखेरीस ताम्हिणीत, मग सप्टेंबरात दोनदा लोणावळ्याला, भर पावसात गाडी फिरून आली. ऑक्टोबरात स्कॅनर लावला तेव्हा मिसफायरचा मोजणी-आकडा सहाही सिलिंडरला शून्य. कन्व्हर्टर वाचला.

आता पुन्हा करायचं झालं तर

मालकांच्या बाजूने: दिवा लुकलुकला तेव्हाच थांबणं, आणि प्लगचा नंबर मित्राला विचारण्याऐवजी काढलेल्या प्लगवर वाचणं. पहिल्या गॅरेजच्या बाजूने: कोड लिहून ठेवणं आणि पिशवीऐवजी ट्रे. बाकी त्यांचा प्लगवरचा संशय अवाजवी नव्हता. ते प्लग तसेही बदलायलाच आले होते.

माझ्या बाजूने: कोमट इंजिन. घाई मालकांची होती हे खरं, पण पाना माझ्या हातात होता. शिवाय करकर व्हायच्या आधी चार प्लग सहज सुटले, त्याने मी सैलावलो. आणि पाणी मारायची चाचणी मी पहिल्याच दिवशी, अदलाबदल करण्याच्या आधी केली असती तर अर्धा दिवस वाचला असता.

तो अंड्यांचा ट्रे, आतल्या सहा प्लगांसकट, मालक घरी घेऊन गेले. दोन नंबरचा प्लग मी डिसेंबरात पुन्हा एकदा काढून त्याचे आटे बघणार आहे. गाडी आदल्या रात्रीच आणून ठेवा, असं त्यांना सांगितलंय.